ओल ओढणारं कपाट

“ह्यातलं एक अक्षरबी तुमी खरं मानणार न्हाईसा,” आकाराम मिस्त्री म्हणाला. “तवा आधीच सांगून ठेवतो, मानूबी नगा. ऐका आन् सोडून द्या.”

आता आकाराम मिस्त्रीनं हे सांगायची खरं तर गरज नव्हती. अख्ख्या उद्यमनगरात त्याचं कुणी काही खरं मानतच नव्हतं. तेलाच्या इंजिनाला उचकी लागली होती आणि ती आपण हिंग हुंगवून थांबवली, असं त्यानं एकदा भर चौकात सांगितलं होतं. रंकाळ्यात डुंबणारी म्हैस बाहेर येईना, म्हणून तिच्याभोवतीचं पाणी गोठवून बर्फासकट तिला गाडीवर चढवली, ही त्याची गोष्ट तर खासबागेत कुस्ती लागेपर्यंत वेळ काढायला लोक एकमेकांना सांगत. हातात मात्र कसब असं, की मोडका भाग नुसता बोटांनी चाचपायचा आणि चार दिवसांत तसाच दुसरा घडवून द्यायचा. कागद नाही, नकाशा नाही.

साल अठ्ठावन्न, श्रावणातला शुक्रवार. सकाळचे नऊ वाजून गेले होते. दर शुक्रवारी मिस्त्रीचा कारखाना बंद असे. लोक समजत, अंबाबाईचा वार पाळतो. कारखाना म्हणजे त्याच्या घराचीच पुढची खोली. तिच्यामागं मधली खोली, आणि सगळ्यात मागं स्वयंपाकघर. मधल्या खोलीचं दार लावलेलं होतं.

बाकावर दोघं बसली होती. एक हंबीरराव, एका सरदारांच्या बंगल्यावर मोटार चालवून निवृत्त झालेले, रोज सकाळी चहाला हजर, शुक्रवारी मात्र दहाच्या आत उठून जाणारे. दुसरी बाळाबाई, मिस्त्रीच्या बायकोची थोरली बहीण. गडमुडशिंगीहून अंबाबाईची ओटी भरायला आली होती आणि देवळातून सरळ इथं. लुगड्याचा ओला काठ पिळून झाल्यावर तिनं चहाला हात लावायच्या आधीच विषय काढला होता.

“दाजी, शालूनं इंचरल्यालं केस देवळीत साठवून ठेवलंवतं. माझ्या गंगावनासाठी. नऊ वर्सं झाली, मी कधी तोंड उघडलं न्हाय. पर गेलेल्या बाईचं केस घरात ठिवू नयेत. द्या मला. जाता जाता पंचगंगेत सोडते.”

आकारामनं कपबशी खाली ठेवली. एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, एकदा त्या लावलेल्या दाराकडं.

“ते केस गेलं, आक्का. कसं गेलं ते सांगतो.” आणि मग तो ते वरचं वाक्य बोलला.

हंबीररावांनी विडी पेटवली. “म्हशीची गोष्ट तर न्हवं?”

“म्हशीची न्हवं.”

“मग सांग.”

शालूबाई जिवंत असताना ह्या घरात एक खेळ चालायचा. आकाराम बाकावरच्या गिऱ्हाइकाला गोष्ट रंगवून सांगे, आणि आत भाकरी थापता थापता शालूबाई कान देऊन ऐके. खऱ्यात खोटं असं बेमालूम कालवलेलं असायचं, की समोर बसलेला माणूस माना डोलवत राही. पण नेमक्या खोट्या शब्दाला आतून मोठ्यानं हाक यायची, “खोटं!” हाक आली की गोष्ट तिथंच थांबवायची, हा नियम. मग वाक्य अर्धं का असेना. ती कधी चुकली नाही. गेल्या नऊ वर्षांत आकारामला कुणी असं अडवलं नव्हतं, आणि त्याच्या गोष्टी फार लांबायला लागल्या होत्या.

तर मधली खोली. तिची पश्चिमेची भिंत पावसाळ्यात घाम फुटल्यासारखी पाझरायची. शाहूवाडीकडनं आलेला पाऊस कोल्हापुरात शिरला की पहिल्यांदा जणू त्या भिंतीला येऊन टेकायचा. गादी ओली, उशी ओली, काडेपेटीतली काडी घासली की गूल नुसतं लिबलिबीत होऊन पसरायचं. शालूबाई शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर आकारामचे सदरे वाळवायची, आणि त्या सदऱ्यांना सगळा श्रावण धुराचा वास असायचा.

“अवं, गावाची इंजनं दुरुस्त करतासा,” ती म्हणायची, “ह्या खोलीतली ओल तेवढी काढा की.”

“काढतो की. मारवाडातनं वारं आणवतो नळीनं.”

“खोटं!”

असं सहा वर्षं चाललं. सातव्या पावसाळ्यात, म्हणजे एकोणपन्नासच्या आषाढात, शालूबाईच्या छातीत कफ भरला. डॉक्टर आला, त्यानं आधी भिंतीकडं पाहिलं आणि मग रोग्याकडं. शेवटच्या सकाळी तिनं आकारामचा हात धरला. “खोली कोरडी झाली की मी उठतेच बघा,” ती म्हणाली.

“झालीच समज. उद्या सकाळी कोरडी ठाक.”

“खोटं,” ती म्हणाली. ओठ नुसते हलले. नंतर ती काही बोलली नाही.

तिचं वय सव्वीस होतं.

तिचा एकच फोटो होता, लग्नानंतर महाद्वार रोडवर काढलेला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी, डोळ्यांत हसू दाबलेलं, कारण आकाराम छायाचित्रकाराला तेव्हाही काहीतरी थाप मारत होता. दिवसकार्य झाल्यावर आकारामनं तो फोटो मधल्या खोलीत टांगला. तिची खोली म्हणून. महिन्याभरानं फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, नऊवारीच्या काठावर, एक पांढरा ठिपका दिसला. बुरशी. आठवड्यात ती गुडघ्यापर्यंत चढली. तो महाद्वार रोडला पळत गेला. फोटो ज्या काचेवर घेतात ती मूळ काच मिळाली तर दुसरा फोटो काढून घेता येईल! छायाचित्रकारानं हात जोडले. जुन्या काचा धुऊन त्यानं घराच्या खिडक्यांना बसवल्या होत्या. आकाराम त्याच्या अंगणात उभा राहून त्या स्वच्छ खिडक्यांकडं बघत राहिला. त्यातल्या कुठल्यातरी तावदानावर शालू होती, आणि आता तिच्या आरपार शेजाऱ्याचं शेवग्याचं झाड दिसत होतं.

फोटो दुसऱ्या खोलीत नेऊन बघितला. ओल सगळ्याच घरात होती. ओल शोषायला चुनकळीची घमेली भरून ठेवली, कोळसा ठेवला, शेगडी पेटवली. चुनकळीचा भुगा झाला, भिंत पाझरतच राहिली. बुरशी कंबरेला पोचली.

“तवा हंबीरराव, तुमीच सांगितलंत मला,” आकाराम म्हणाला, “बंगल्यावरचं बर्फाचं कपाट मोडीत काढलंय म्हणून.”

“व्हय. दार तुटलंवतं त्याचं,” हंबीरराव म्हणाले. “यंत्र झकास हुतं.”

आकारामला दार नकोच होतं. थंड पाण्यानं भरलेला तांब्या पावसाळ्यात ठेवला की त्याला बाहेरून घाम फुटतो. तो घाम तांब्याचा नसतो, हवेतलं पाणी गारव्याला येऊन चिकटतं. एवढं तर घरातली बाईही जाणते. मग हवाच गार नळीवरून ओढून घेतली तर? त्यानं कपाटाची थंड नळी मोकळी केली, तिच्यासमोर टेबलपंखा बसवला, खाली पितळी परात. आणि त्याच कपाटाची मागची, तापणारी नळी, ती थंड नळीच्या पाठोपाठ लावली. म्हणजे हवा आधी गार व्हावी, तिनं आपलं पाणी परातीत सोडावं, आणि मग ऊब घेऊन कोरडी होऊन खोलीत परतावं. खिडकीच्या फटी त्यानं कागद आणि खळ लावून बुजवल्या, कारण खिडकी उघडी ठेवून ओल ओढायची म्हणजे रंकाळा तांब्यानं उपसायचा.

यंत्र सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परात काठोकाठ भरली होती.

ती परात त्यानं दोन्ही हातांनी उचलून अंगणात आणली आणि ओतायच्या ऐवजी तिच्याजवळ बसून राहिला. सहा वर्षं तिनं मागितलं ते हे होतं. चार दिवसांचं काम.

“मग?” बाळाबाई म्हणाली. तिनं पदर तोंडाशी धरला होता.

मग वेगळंच लचांड उभं राहिलं. यंत्राला थांबायचं कळेना. आठ दिवसांत खोली इतकी सुकली, की चौकटीचं लाकूड तडकलं आणि फोटोचा कागद कडेनं वळायला लागला. ओल जास्त झाली तर बुरशी खाते, कमी झाली तर कागद तडकतो. शंभरात पन्नास ते साठ, एवढीच ओल पाहिजे. ती मोजायला त्यानं दोन थर्मामीटर शेजारी टांगले, एकाच्या गोळीला ओलं मलमल गुंडाळलं. दोघांत जेवढा फरक, तेवढी हवा कोरडी. पण चोवीस तास तिथं बसून बटण कोण दाबणार?

सूतगिरणीत त्यानं एकदा एक उपकरण दुरुस्त केलं होतं. त्यात बाईमाणसाचा केस ताणून लावलेला असे. हवा ओली झाली की केस लांबतो, सुकली की आखडतो; वीतभर केस सुक्यातून ओल्यात आला की तांदळाच्या दाण्याएवढा फरक पडतो. तेवढ्या फरकावर काटा हलतो. काटा हलतो तर बटण का हलणार नाही?

देवळीत केसांचा गुंडा होता. त्यातला एक लांबसडक केस त्यानं निवडला. सोड्याच्या पाण्यात धुऊन त्याचं तेल काढलं, आणि तेलाबरोबर तिचा वासही गेला. एक टोक स्क्रूत धरलं, दुसरं, मुळाकडचं, पातळ पितळी पट्टीला. हंबीररावांनी मोटारीच्या भोंग्याचं बटण आणून दिलं. केस लांबला की पट्टी खाली यायची आणि टक् करून यंत्र सुरू व्हायचं. केस आखडला की टक् करून बंद.

पहिले पंधरा दिवस सगळं ठरल्याबरहुकूम चाललं. साठावर टक्, पन्नासावर टक्. बुरशी कंबरेवर थांबली. आकाराम सकाळ-संध्याकाळ आत जाऊन फोटोसमोर उभा राही आणि दिवसभरात मारलेल्या थापा तिला सांगे. पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं, पावसाळ्यात गुळाला पाझर सुटतो म्हणून, वखारीसाठी असंच यंत्र मागितलं. आकाराम त्याला हो म्हणाला आणि विसरला.

मग एका शुक्रवारी सकाळी दहाला यंत्र सुरू झालं.

त्यात काही विशेष नव्हतं. फक्त थर्मामीटरांच्या फरकावरून ओल बावन्नच निघत होती. आकारामला वाटलं, स्क्रू ढिला झाला असेल. त्यानं स्क्रू तपासला, घट्ट होता. केस मात्र सैल पडला होता, जसा भिजल्यावर पडतो. अर्ध्या तासानं तो परत ताणला गेला आणि यंत्र बंद झालं. परातीत पाणी होतं. कोरड्या खोलीतून, अर्ध्या तासात, भरून परात.

पुढच्या शुक्रवारी दहाला पुन्हा. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही.

चौथ्या शुक्रवारी आकारामनं हंबीररावांना आत बोलावलं. दोघं भिंतीला टेकून उभे राहिले. दहा वाजले. टक्. पंखा फिरायला लागला. थंड नळीवर थेंब धरले आणि परातीत पडू लागले.

“वास कसला यायलाय रं?” हंबीरराव म्हणाले.

आकारामनं वास ओळखला होता. शालूबाईचा न्हायचा वार शुक्रवार. शिकेकाई ती घरीच कुटायची, लिंबाच्या वाळवलेल्या साली घालून.

“यंत्रात कायतरी बिघाड हाय,” हंबीरराव म्हणाले, आणि कधी नव्हे ते चहा न घेताच घरी गेले.

आकाराम मिस्त्री थापाड्या असला तरी हत्यार हातात घेतलं की खोटं बोलत नसे. बिघाड म्हटल्यावर बिघाड शोधायचा. स्टँडवरच्या टांग्याचा एक पांढरा घोडा होता, त्याच्या शेपटीचा केस त्यानं आणला, धुतला, शालूच्या केसाच्या जागी लावला. यंत्र साठावर चालू, पन्नासावर बंद. शुक्रवार आला, दहा वाजले, अकरा वाजले. काही नाही. परत शालूचा केस लावला. पुढच्या शुक्रवारी दहाला टक्.

आणि त्याच सुमारास दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. शालूचा केस लावला की दर पंधरवड्याला स्क्रू फिरवून ताण घ्यावा लागे. त्यानं पट्टी ठेवून मोजलं. पंधरा दिवसांत गव्हाच्या एका दाण्याएवढा. महिन्यात दोन दाण्यांएवढा. ताणून ताणून केस लांबला म्हणावं, तर तो पातळ व्हायला हवा होता. झाला नाही. तो मुळाकडून लांबत होता.

आकारामनं न्हाव्याला विचारलं, उगाच विचारावं तसं, डोक्यावरचा केस महिन्याला वाढतो किती? न्हाव्यानं बोटाचं पेर धरून, त्याच्या अर्ध्यावर नख लावून दाखवलं. तेवढाच.

स्क्रूचे आटे संपले. केस कापायचा की काय? आकारामनं कात्री हातात घेतली आणि परत ठेवली. शिलाईच्या मशीनचं एक लाकडी रीळ घेतलं आणि वाढलेला केस त्याच्यावर गुंडाळायला लागला.

इथं हंबीररावांची विडी विझली. ती परत पेटवायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता. घड्याळात दहाला दहा मिनिटं कमी होती.

“मला ह्यातलं रिळाचं कधी सांगितलं न्हाईस,” हंबीरराव म्हणाले.

“सांगून काय करणार हुता? पळून गेलतासा की चहा टाकून.”

“दाजी,” बाळाबाई हळू म्हणाली, “फोटो?”

तेच. तेच सांगायचं होतं.

शुक्रवारी खोलीत जे काही यायचं, ते पाण्यातनं यायचं. त्या अर्ध्या तासात फोटोच्या काचेला आतल्या बाजूनं थेंब धरत. फोटोच्या कागदावरचा थर ओला होऊन फुगे, आणि थेंबाबरोबर थोडासा खाली घसरे. पहिल्या वेळी खुर्ची गेली. मग खुर्चीवरचा हात. यंत्र नंतर सगळी ओल ओढून घेई, पण घसरलेलं जागेवर येत नसे.

आकारामनं एका शुक्रवारी फोटो काढून बाहेर कारखान्यात आणून ठेवला. त्या शुक्रवारी पट्टी हललीच नाही. दहाचे साडेदहा झाले, अकरा झाले. तो दाराशी बसून राहिला. दुसऱ्या आठवड्यात फोटो परत आत टांगला, आणि दहाला टक्.

म्हणजे दोन्ही मिळणार नव्हतं. घोड्याचा केस लावला, तर फोटो जन्मभर टिकेल आणि शुक्रवारी कुणी येणार नाही. शालूचा केस ठेवला, तर ती येत राहील आणि दर शुक्रवारी तिचं तोंड थोडं थोडं पुसत जाईल. बुरशी कंबरेशी, पाणी खांद्याशी. डोळे अजून शाबूत होते, हसू दाबलेले.

आकारामनं पुन्हा घड्याळाकडं पाहिलं.

“मग काय केलंस?” हंबीरराव म्हणाले.

“काय करणार?” आकारामनं बाळाबाईकडं पाहिलं नाही. “माणूस गेल्यावर तोंड तरी ऱ्हावं. केस काढला. देवळीतला गुंडाबी घेतला. पंचगंगेच्या घाटावर गेलो आन् सोडून आलो पाण्यात, आक्का. तुमी सांगताय तेच केलं, नऊ वर्सं आधी. यंत्राला घोड्याचा केस लावला, पांढऱ्या घोड्याचा. तवापासनं यंत्र सरळ चाललंय. फोटो हाय तसा हाय. शुक्रवारी कोण येत न्हाय.”

हे सांगताना त्याचा आवाज घोटून गुळगुळीत केल्यासारखा होता. सांगून झाल्यावर त्यानं मान जराशी वळवली, मधल्या खोलीच्या दाराकडं, आणि थांबला. कुणीतरी काही म्हणावं म्हणून माणूस थांबतो तसा.

घड्याळात दहाचे ठोके पडले.

आतून आवाज आला. टक्.

पंखा फिरायला लागला.

हंबीरराव बाकावरून उठले आणि तसेच उभे राहिले. बाळाबाई उठली ती सरळ दाराकडं गेली.

“आक्का, नगा.”

तिनं कडी काढली.

खोली कोरडी होती. भिंत कोरडी होती, गादी घडी घालून ठेवलेली, कोरडी. वास मात्र ओला होता. बाळाबाई उंबऱ्यात थांबली. तिच्या आईची शिकेकाई. लिंबाच्या साली घालून.

परातीत थेंब पडत होते.

समोर फोटो होता. काचेला आतून थेंब धरले होते, आणि काचेमागं नुसता तपकिरी कागद. अगदी तळाशी, बुरशी लागली त्या काठाच्याही खाली, दोन पावलं उरली होती, आणि त्यांवरची जोडवी.

देवळीत केसांचा गुंडा होता, नऊ वर्षांपूर्वी ठेवला तसा. काळाभोर.

बाळाबाई यंत्रापाशी गेली. वाकली. तिनं रिळाला बोट लावलं. रिळावर केस गच्च गुंडाळलेला होता, थरावर थर, काळा. रिळापासून पितळी पट्टीपर्यंतचा, मुळाकडचा वीतभर भाग तिनं निरखून पाहिला. तो ओला होता.

आणि पांढरा.

“दाजी,” ती म्हणाली, “घोडा पांढरा हुता म्हणालासा.”

आकाराम दारात उभा होता.

“मग रिळावरचा ह्यो काळा कुणाचा?”



बाळाबाईच्या कानाशी पावसानं भिजलेली एक बट सुटली होती. तिनं ती ओढून पुढं घेतली आणि त्या केसाशेजारी धरली. दोन्हींत काही फरक नव्हता.

“आमच्यात बायकांचं केस पस्तिशीच्या आत पिकत्यात,” ती म्हणाली. “आईचं पिकलं. माझं पिकलं. शालूला औंदा पस्तिसावं लागलं असतं.”

तिनं बट कानामागं सारली. मग ती मोठ्यानं, स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीपर्यंत जावं एवढ्या मोठ्यानं, म्हणाली,

“खोटं!”

टक् करून यंत्र थांबलं.